बारा जांभळे फेटे

कपड्यावरचा कुठलाही रंग घालवायचं शास्त्र इंद्रायणीबाईंना पाठ होतं. बाई बी.एस्सी. होत्या, चिंचवडच्या शाळेत विज्ञान शिकवत आणि फळ्यावरचं रंगचक्र कंपास न लावता गोल काढत. म्हणून छप्पन सालच्या चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी दत्तोबाने लेझीम पथकाचे बारा फेटे त्यांच्या ओट्यावर टाकले, तेव्हा बाई "बघू" सुद्धा म्हणाल्या नाहीत.

"उद्या दुधासारखे घेऊन जा," एवढंच म्हणाल्या.

मुळात फेटे पांढरेच होते. पण दत्तोबाच्या पुतण्याच्या हळदीला सगळं पथक ते बांधून गेलं, आणि बायकांनी कुणालाच सोडलं नाही. आता उद्या खंडोबाच्या जत्रेत लेझमीची चढाओढ. काळेवाडीकडून दत्तोबा ओळीने तीन वर्षं हरला होता. यंदा हरला, तर पथकाचा म्होरक्या सोनबा होणार, असं पंचांनी ठरवलं होतं. सोनबा म्हणजे दत्तोबाच्या बायकोचा धाकटा भाऊ.

"हरायचं दुःख न्हाई, बाई," दत्तोबा म्हणाला. "पर मेव्हण्याच्या शिट्टीवर नाचायचं?"

बाईंचा हिशेब सरळ होता. रंगचक्रात पिवळ्याच्या बरोबर समोर निळसर जांभळा बसतो, आणि समोरासमोरचे रंग एकमेकांना मारतात. पिवळट धोतराला नीळ देतात ती काय उगाच? त्यांनी शाळेच्या तराजूवर नीळ तोलली आणि अंधाऱ्या मोरीतल्या हंड्यात सोडली. फेटे त्याआधीच सासूबाईंनी, म्हणजे अंबुबाईंनी, भिजत घातले होते. वर दोन मुठी धुण्याचा सोडाही टाकला होता. सून तोलत बसली असताना घरात कुणीतरी काम करायला नको?

सोड्याने हळद लाल होते. लालात निळा पडला की काय होतं, ते सकाळी दोरीवर वाळत होतं. बारा फेट्यांना एकाच रात्रीत जांभळा गोवर उठला होता.

फेटे न्यायला आलेला दत्तोबा एकेक फेटा उलटून बघू लागला. सोडा कुणी टाकला, असं बाईंनी शांतपणे विचारलं.

"मी," अंबुबाई म्हणाल्या. "सोड्याबिगर हळद निघती व्हय?"

आता धुऊन पांढरे करायला वेळ नव्हता. बाईंनी क्षणभर डोळे मिटून रंगचक्र आठवलं. मग हंड्यात आणखी हळद, आणखी सोडा आणि उरलेली सगळी नीळ ओतली. दुपारपर्यंत बारा फेटे एकसारखे गर्द जांभळे झाले.

"बाई, हा लुगड्याचा रंग हाय," दत्तोबा कळवळला.

"जत्रेत मैदान कुठल्या रंगाचं असतं?"

"पिवळं. भंडारा उधळत्यात की."

"मग बांधा."

काळेवाडीकर भक्तिभावाने पिवळेधमक फेटे बांधून आले होते. हलगी कडाडली, भंडारा उडाला, आणि पाव घटकेत आभाळ, माती, माणसं सगळं पिवळं झालं. त्या पिवळ्यात काळेवाडीचे फेटे असे विरले, की बिनडोक्याची माणसं नाचताहेत असं वाटावं. आणि चिंचवडकर? पिठल्याच्या कढईत बारा वांगी ठेवावीत तसे उठून दिसत होते! पंचांची नजर त्यांच्यावरून हलेना. एकेक पाऊल मोजता येत होतं, आणि पाऊल दत्तोबाचं मुळातच चोख. निकाल लागला तेव्हा सोनबानेच त्याला खांद्यावर घेतलं. वाजतगाजत मिरवणूक बाईंच्या दारात आली. नारळ अंबुबाईंनी पुढे होऊन घेतला आणि सोडा कुणाचा होता ते प्रत्येकाला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाराही जण पुन्हा दारात हजर. घामाने फेट्यांचा रंग उतरला होता आणि कपाळं जांभळी झाली होती. साबणाने ती आणखीच खुलली होती. पिंपरीच्या नव्या कंपनीत सगळ्यांची पहिली पाळी. या तोंडांनी आत कोण घेणार?

बाई हसल्या. सोड्याने लाल झालेली हळद आंबटाने पुन्हा ताळ्यावर येते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी सहा लिंबं कापली, प्रत्येकाच्या हातात एकेक फोड दिली आणि खसखसून घासायला सांगितलं.

लाल खरोखरच गेला. हळद पुन्हा पिवळी झाली. नीळ मात्र होती तिथेच राहिली.

कंपनीच्या फाटकातून त्या सकाळी बारा हिरवी कपाळं आत गेली. पिवळ्यात निळा मिसळला की काय होतं, हे इंद्रायणीबाई दरवर्षी दुसरीच्या वर्गाला शिकवत असत.