मूळव्याध आणि मूलबाळ

गुपित राखावं तर आम्हीच! ठाण्याच्या कचेरीत कलेक्टरसाहेबांचे खाजगी कागद माझ्या हाताखालून जात. कुणाची बदली, कुणाची चौकशी, सगळं मला ठाऊक. पण ओठ म्हणजे लाख लावलेला लखोटा! तेव्हा राणीसरकारच्या जुबिलीच्या वर्षी मला मूळव्याधीने गाठलं, तशी मी शपथच घेतली: ह्या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं नाही.

तसं घरात कळायला होतं तरी कोण? माझी बायको मालन जाऊन तीन वर्षं झाली होती.

धर्मार्थ दवाखान्यातले डॉक्टर पलटणीत नोकरी केलेले. तोफांनी कान पार निकामी! त्यांची खोली आणि ओसरीवरचा बाक, मधे फक्त गोणपाटाचा पडदा. बाकावर सगळं गाव.

मी डॉक्टरांच्या कानाशी वाकून कुजबुजलो, "मूळव्याध."

"काय? मूलबाळ?" डॉक्टर गरजले. "मूलबाळ नाही?"

"हळू! मूळ... व्याध!"

"तेच ते! लग्नाला किती वर्षं झाली?"

"अहो, बायको नाही मला!" मी वैतागून ओरडलो.

"मग मूलबाळ होणार कसं? आधी लग्न करा!"

पडद्यापलीकडे बाक असा हसला, की खिळे निघाले असावेत. औषध न घेताच मी पळालो. ओसरीवर कळव्याची उर्सुलाबाय मासळीची पाटी घेऊन बसलेली. तिने मला नीट न्याहाळलं, तेव्हाच मी ओळखलं, आता आपलं काही खरं नाही!

संध्याकाळी दार वाजलं. कचेरीतले अण्णा, सोबत त्यांची पत्नी हेमाताई.

"विश्रामराव, छुपे रुस्तम की हो तुम्ही! आम्हाला मासळीवालीकडून कळावं?"

"आमच्या नात्यात एक मुलगी आहे," हेमाताई आत येत म्हणाल्या. "जरा थोराड आहे, पण स्वभावाने गरीब."

पाठोपाठ शेजारचे दोघं आले. मग आणखी कोणी. ही सगळी माणसं मालनच्या तेराव्याला आली होती, त्यानंतर आजच! हेमाताईंनी चूल पेटवली, गुळाचं पाणी केलं. घरात भांडी वाजली. कुणीतरी हसलं. खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं... पण मिटलं. म्हटलं, पाणी तरी पिऊ दे त्यांना.

"अहो, बसा की!" अण्णा म्हणाले.

"उभाच बरा आहे."

"पाहिलंत, किती घाई झालीय!"

सगळे हसले. मीही हसलो. तेवढ्यात अण्णांनी लाडाने माझे दोन्ही खांदे धरले आणि मला दाणकन पाटावर बसवलं!

"मेलो!" मी छपराला लागेन असा उडालो. "मूळव्याध आहे हो मला, मूळव्याध!"

"आणि ते मूलबाळ?"

"ते डॉक्टरांचं!"

हेमाताईंनी तोंडाला पदर लावला. अण्णा पगडी शोधू लागले. घटकाभरात घर रिकामं! चूल धुमसत होती आणि जमिनीवर सहा पेले, त्यातले तीन अर्धेच प्यालेले. मी ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उचलले नाहीत.

पुढे डॉक्टरांना कागदावर दुखणं लिहून दाखवलं आणि मलम आणलं. त्याने उतार पडला. ठणठणीत झालो! तरी पुढच्या आठवड्यात खोकल्याचं निमित्त करून मी दवाखान्यात गेलोच. उर्सुलाबायने पाटी पायाशी ओढून जागा केली.

"ये रे बाबा. आता बसवतं का?"

सबंध बाक हसला. मी तिच्या शेजारी टेकलो. तिने गुडघ्याचं रडगाणं लावलं, पलीकडच्या म्हाताऱ्याने पोटाचं, आणि मीही खोकल्याचं बरंच वाढवून सांगितलं.

आतून माझ्या नावाचा पुकारा झाला. मी म्हाताऱ्याला म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे. मला घाई नाही."

त्याच्यामागून आणखी चौघांना पुढे सोडलं.