सावंतसर आणि लिहिणाऱ्याची पाळी

आयतं कुलूप बघितलं की आमच्या अंधेरीच्या ऑफिसातल्या सावंतसरांचं डोकं फिरतं. कुलूप म्हणजे दाराचं नव्हे हो, प्रोग्राममधलं. एकाच माहितीला दहा जणांनी एकदम हात घातला की वाट लागते, म्हणून लावतात ते. आयती मिळतात अशी कुलपं. पण सर म्हणणार, "बाजारचो मसालो आमच्यात चलत नाय!"

"मग घरी कसं बनवायचं?" मी नवीन होते, विचारून बसले.

"एक साधी कडी, आत किती जण आहेत त्याचा आकडा, आणि थांबलेल्याला उठवायला एक हाक. बास!"

लगेच सगळ्यांना फळ्याकडे पिटाळलं; फळा म्हणजे ती माहिती. वाचणारे कितीही चालतील, लिहिणारा मात्र एकटाच हवा. लिहिणारी मी. खडू-डस्टर घेऊन उभी राहिले, तर वाचणारे संपेचनात. दोन गेले की तीन हजर!

"बघितलंस? लिहिणारा असा उपाशी मरतो. म्हणून त्याने हात वर केला की नवीन वाचणारा बाहेरच थांबणार. आतल्यांनी सावकाश आटपायचं, आणि शेवटच्याने जाताना त्याला हाक मारायची."

तेवढ्यात मोठे साहेब कॉफी घेऊन आले. "अरे, मला फक्त फळ्यावरची मीटिंगची वेळ बघायचीय!"

"हात वर झालाय साहेब. थांबा."

साहेब थांबले. कॉफीवर साय आली. आमची हसून हसून पुरेवाट झाली. पण लिहिणारा जरा ताटकळला तर या माणसाच्या जिवाला एवढं का लागावं, ते मला कळेना. विचारलं, तर चष्मा पुसत बसले.

गेल्या महिन्यात माझ्या पप्पांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी मुलुंडच्या आमच्या घरी पाहुण्यांची ही रीघ! मला पप्पांशी दोन मिनिटं एकटीने बोलायचं होतं. उद्याचं कोणी सांगावं? पण एक उठला की दुसरा बसायचा, आणि मी आपली चहा नेतेय.

सावंतसरही आले, शहाळं घेऊन. माझ्याकडे बघून म्हणाले, "बोललीस बापाशी?"

मी मानेनेच नाही म्हटलं आणि मला रडूच फुटलं.

सर पप्पांना न भेटताच खोलीच्या दारात आडवे उभे राहिले. "आतल्यांनी सावकाश बसा. नवीन कोण जावचा नाय. आणि शेवटी निघेल त्याने हिला हाक मारा."

मामा उखडला. "अहो, मी सख्खा मेव्हणा!"

"असाल. हात वर झालाय."

मग मान न वळवताच मला हळू म्हणाले, "माझ्या आवशीच्या, आईच्या, शेवटच्या दिसाक घर असाच भरलेला. सगळे भेटान गेले गो. माझी पाळी इलीच नाय."

मी ट्रे खाली ठेवला.

शेवटी आत्या डोळे पुसत बाहेर आली. "जा गं, पप्पा एकटेच आहेत."

मी आत जाऊन दार लोटलं. बाहेर मामा अजून सरांशी भांडत होता.

"किती वेळ लावलास गं!" पप्पा म्हणाले. "कधीचा वाट बघतोय तुझी."