नगराध्यक्षांचा बातमीपूर्व व्यायाम

विलो बेंड या आमच्या गावाच्या नगराध्यक्षांनी नियमित व्यायाम केल्यास त्यांचा दृष्टिकोन सकारात्मक राहतो, ही बाब नगरपरिषदेने नोव्हेंबरच्या सभेत एकमताने मान्य केली. मान्य न करून सांगते कोणाला? नगराध्यक्ष ऑरेस्ट प्रिस्टुपा यांना आम्ही व्यायामापूर्वीही पाहिले होते. रस्त्यावरचा दिवा गेला एवढे सांगितले तरी टेबलावरचा स्टेपलर भिरभिरत यायचा. मग डॉक्टरांच्या सल्ल्याने ते रोज सकाळी फिरू लागले आणि माणूस खरोखर बदलला. लहानपणापासून मी त्यांच्याबरोबर हॉकी खेळलो आहे, पण हसताना त्यांचे खालचे दात मी तेव्हा प्रथम पाहिले.

इथवर सारे ठीक होते. पण नगरपरिषदेला चांगली गोष्ट नुसती चालू ठेवता येत नाही, तिचे धोरण करावे लागते. त्यानुसार ठराव झाला, की व्यायाम झाल्याशिवाय नगराध्यक्षांच्या कानावर वाईट बातमी घालू नये. पुढच्या सभेत कोणीतरी रास्त शंका काढली, की लहान बातमीला आणि मोठ्या बातमीला एकच व्यायाम कसा पुरेल? तेव्हा प्रमाण ठरले. दिवा गेला तर जोर. कुत्रा चावल्याची तक्रार आली तर बैठका. मोठी नळवाहिनी फुटली तर तासभर पोहणे. आणि सार्वजनिक इमारत कोसळण्याचा संभव असेल तर पूर्ण मॅरेथॉन. हे शेवटचे कलम केवळ शोभेसाठी होते, कारण गावात सार्वजनिक इमारती दोनच आणि त्यातल्या एकीत नगरपरिषद स्वतः बसते.

दुसरीचा व्यवस्थापक मी, क्लेम फेअर. हॉकीचे बंदिस्त मैदान, म्हणजे आमचे रिंक, माझ्या ताब्यात आहे. जानेवारीत एका सकाळी बर्फावर गाडी फिरवून तो गुळगुळीत करताना मी सहज वर पाहिले. छपराच्या मधल्या तुळईला हात जाईल एवढी भेग पडली होती आणि छपरावर आठवडाभराचे हिम साचले होते. पोरांचा सराव मी यंत्रदुरुस्तीचे कारण सांगून बंद केला आणि तडक नगरपरिषद गाठली.

नगराध्यक्षांच्या दाराशी मॅक्सिनबाई बसतात. असे कित्येक नगराध्यक्ष त्यांनी पचवले आहेत.

"कुठल्या प्रतीची बातमी, क्लेम?"

"रिंकचं छप्पर पडतंय, मॅक्सिनबाई."

"पडलंय की पडायचंय?"

"पडायचंय."

"म्हणजे संभव." त्यांनी चष्मा पुसला. "मॅरेथॉन लागेल. रेजायना शहराची शर्यत मेमध्ये आहे. त्यानंतर ये."

"मेपर्यंत ते थांबणार नाही हो."

"दुरुस्ती हवी असेल तर थांबेल. आम्ही सगळे थांबतोच ना?"

"आणि व्यायामाआधीच सांगितलं तर?"

"पाणीपुरवठ्याच्या ड्वेनने सांगितलं होतं. हल्ली दफनभूमीतलं हिम उपसतो. शांत जागा आहे म्हणे."

म्हणून मी बातमी आखडती घेतली. छपरात किंचित फरक जाणवतो, असे सांगितल्यावर मॅक्सिनबाईंनी ती बैठकांमध्ये बसवली. आतून बराच वेळ धापा ऐकू आल्या आणि मला बोलावणे आले. नगराध्यक्ष गळ्यात टॉवेल घालून उभे होते, चेहरा गुलाबी आणि प्रसन्न.

"ये रे. काय म्हणतंय तुझं छप्पर?"

"जरा खाली आलंय."

"अरे वा. म्हणजे दिवे बदलायला लांब शिडी नको."

"अजून खाली येईल, ऑरेस्ट."

"मग तर गरम ठेवायलाही सोपं. तुझ्यासारखी माणसं आहेत म्हणून गाव चाललंय बघ. केळं घे."

मी केळे घेऊन बाहेर आलो. बैठकांच्या प्रतीच्या बातमीला उत्तरही त्याच प्रतीचे मिळते, हे मला कळून चुकले. आता मॅरेथॉनला पर्याय नव्हता.

"रेजायनाच कशाला?" मी मॅक्सिनबाईंना म्हणालो. "इथेच पळू दे की त्यांना."

त्यांनी विचार केला. जागेबद्दल ठरावात काहीच नव्हते. "बाहेर पापण्या गोठतायत," त्या म्हणाल्या. "पण तुझ्या रिंकला वरून गोल वाट आहे ना, म्हातारी मंडळी कॉफीनंतर फिरतात ती? उबदार आहे, लांब आहे. छान जमेल."

"अहो, तेच छप्पर पडतंय."

"हे त्यांना पळण्याआधी कळलं, तर ती वाईट बातमी होते, क्लेम. पळून झाल्यावर कळलं तर माहिती."

अशा रीतीने, छप्पर पडणार आहे हे शांतपणे ऐकता यावे म्हणून नगराध्यक्ष त्याच छपराखाली धावणार असे ठरले. त्यांना वाटले, हा गावाच्या उत्साहासाठी उपक्रम आहे. शनिवारी सारे गाव लोटले, शाळेचा बँड आला, चर्चच्या बायकांनी पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या करंज्या, तळायला घेतल्या. हॉकीची जाळी बदलायची आहे असे सांगून मी सगळ्यांना काचेमागच्या दालनात कोंबले, कारण त्याचे छप्पर वेगळे आहे. छपराखाली उरले एकटे नगराध्यक्ष.

ते धावू लागले आणि तुळई करकरू लागली. मला राहवेना. पद कोणतेही असो, तो माझा ऑरेस्ट होता, आणि मला त्याची फार काळजी वाटत होती. मीही जाडजूड बूट घालून त्याच्यामागे धावू लागलो.

"ऐकतोयस ना?" तो मागे वळून ओरडला. "माझे गुडघे बोलतायत."

आणि मग एक चमत्कारिक गोष्ट घडली. बऱ्याच फेऱ्यांनंतर मला भेग तितकीशी मोठी वाटेना. पुढे तर तिचा आकारही डोळ्यांना गोड वाटू लागला. व्यायामाने दृष्टिकोन सकारात्मक होतो, यात तसूभरही खोट नाही. पाणी प्यायला थांबलो तेव्हा कुठे माझी पुन्हा गाळण उडाली.

दुपार कलल्यावर ऑरेस्टची शेवटची फेरी संपली. तो जिना उतरून बर्फाच्या कडेला आला. तिथे मॅक्सिनबाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली, "आता सांग."

"ऑरेस्ट, छप्पर पडतंय, तुळई चिरलीय, आत्ताच्या आत्ता बाहेर चल," मी एका दमात सांगून टाकले.

त्याने वर पाहिले. त्याचा चेहरा उजळला. "खरंच की," तो म्हणाला. "किती मोकळं वाटेल इथं. चांदण्या दिसतील." आणि तो समाधानाने खाली बसला. पाय उचलायचे त्राण त्याच्यात उरले नव्हते आणि उठायची इच्छाही नव्हती. शेवटी मी आणि मॅक्सिनबाईंनी त्याला एकेका बखोटीला धरून बर्फावरून सरकत दालनाकडे ओढले. आम्ही दाराच्या आत पडलो आणि मागे छप्पर सावकाश, हिमासकट, बर्फावर बसले. गावकऱ्यांना तो समारोप वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

ऑरेस्टला भानावर यायला दोन पिरोगी लागल्या. मग त्याचे हसू मावळले. "क्लेम, मी मेलो असतो रे," तो हळू आवाजात म्हणाला. "आधी का नाही सांगितलंस?"

तुम्हाला आमचे गाव खुळे वाटत असेल, तर खुशाल वाटू द्या. सोमवारी तुम्ही एखादी वाईट बातमी घेऊन साहेबांच्या खोलीकडे जाल. दाराशी बसलेल्याला खालच्या आवाजात विचाराल, "आज मूड कसा आहे?" तो नुसती मान हलवील आणि तुम्ही आल्या पावली परत फिराल. आमचा साहेब निदान पळाला तरी होता.