गाडीला तेल

जुलैतल्या एका शनिवारी सकाळी हमदम शुकुरोवने ठरवलं, की नवी गाडी आतून जरा पुसून घ्यावी. बस, एवढंच. मर्गिलान शहराच्या पाणीपुरवठा कचेरीत तो बावीस वर्षं कारकून होता, आणि इतक्या वर्षांत घेतलेल्या निर्णयांमध्ये हा सगळ्यात निरुपद्रवी वाटत होता.

अकरा महिने वाट पाहून मिळालेली ती पांढरी गाडी जेमतेम अडीच महिन्यांची होती. सीटवरचं कारखान्यातलं प्लास्टिक त्याने काढलं नव्हतं. गल्लीत कुणीच काढत नसे. हमदमने तर दाराच्या हँडलवरचा स्टिकरसुद्धा जपला होता. (उन्हात त्या प्लास्टिकवरून उठताना चिकटपट्टी ओढल्यासारखा आवाज येई आणि पाठीचा थोडा भाग गाडीतच राहिल्यासारखं वाटे. पण सीट नवी राहत होती ना!)

त्या दिवशी दुपारी बीबीसोरा आपा लोबारला, म्हणजे हमदमच्या मुलीला, पाहायला येणार होत्या. आपांच्या मुलाचं आणि लोबारचं आपसात जमलेलंच होतं. अडलं होतं ते आईच्या होकारापाशी. आपा तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी याआधी दोन मुली नाकारल्या होत्या, त्यातली एक तर चहा गार झाला म्हणून. त्यांना शेजारच्या फरगाना शहरातून गाडीने आणायचं काम हमदमकडे होतं.

त्याने भांड्यांचा साबण घेऊन डॅशबोर्डवर भरपूर फेस केला. तो उन्हात लगेच वाळला आणि काळ्या प्लास्टिकवर पांढऱ्या नद्यांचा नकाशा उमटला. तेवढ्यात शेजारचा तुराब आका कुंपणावरून डोकावला. चाळीस वर्षं साहेबांच्या गाड्या चालवल्यामुळे त्याचा शब्द गल्लीत शेवटचा असे.

"हमदम, प्लास्टिक तहानलंय तुझं. या उन्हात तडकेल. तेल पाज त्याला."

"कसलं?"

"बाजारात एक छोटी बाटली मिळते बघ..." तुराब आका सांगत होता, पण हमदम एव्हाना स्वयंपाकघरात पोचला होता.

"अहो, सरकीच्या तेलाची बाटली कुठे निघाली?" त्याच्या बायकोने, मुकर्रमने, विचारलं.

"गाडीला."

"इंजिनात?"

"नाही गं. आत, डॅशबोर्डला."

"मग कांदा-गाजरही घेऊन जा, पुलावच होईल," मुकर्रम म्हणाली आणि सामश्याचं, म्हणजे भट्टीत भाजायच्या समोशांचं, पीठ मळायला लागली.

पण डॅशबोर्ड असा काही चमकला, की हमदमला राहवेना. त्याने दारांना लावलं, गिअरच्या मुठीला लावलं, स्टिअरिंगला लावलं. उरलेलं सीटच्या प्लास्टिकवर चोळलं, म्हणजे धूळ बसणार नाही. (धूळ तेलावरच सगळ्यात आधी बसते, हे त्यालाही ठाऊक होतं. नेमकं तेव्हा आठवलं नाही.)

फरगान्यात आपा अतलस रेशमाचा नवा झगा घालून मागच्या सीटवर रुबाबात बसल्या. पहिल्या सिग्नलला हमदमने ब्रेक दाबला.

"आपा, नीट बसलात ना?"

"बसले होते," पायांच्या जागेतून आवाज आला.

पुढच्या वळणावर त्या उजव्या दाराकडून डाव्या दाराकडे गेल्या, आणि त्याच्या पुढच्या वळणावर परत आल्या. हमदमचा मात्र नाइलाज होता. काचेत रस्त्याऐवजी चमकणारा डॅशबोर्डच दिसत होता, म्हणून तो मान खिडकीबाहेर काढून चालवत होता, आणि निसटणारं स्टिअरिंग हातरुमालाने धरत होता. उन्हाने गाडी तापली तसा वास सुटला.

"कुठे तरी पुलाव चाललाय," आपा म्हणाल्या.

"हो, आमच्याकडेच," हमदमच्या तोंडून निसटलं.

"सहा किलोमीटरवरून वास येतो?"

"मुकर्रमच्या हाताला चव आहे हो."

घरी पोचल्यावर आपांनी पहिला प्रश्न विचारला, "पुलाव कुठाय?"

मुकर्रमने सामश्यांचं ताट हातात धरून नवऱ्याकडे पाहिलं. तिला वासावरून सगळं कळलं. "तो यांनी गाडीतच ठेवलाय," ती म्हणाली.

आपा वळल्या. अतलसच्या पाठीवर रोटीएवढा तेलाचा डाग होता. मुकर्रमचा चेहरा पांढरा पडला. आपल्या हाताने आपण लेकीचं लग्न मोडलं, असं हमदमला वाटलं.

लोबार पुढे झाली. तिने आपांना आत नेऊन आईचा झगा दिला, अतलस मेजावर पसरलं आणि डागावर मैद्याचा जाड थर दाबून बसवला.

"किती वेळ ठेवणार?" आपांनी परीक्षेतल्यासारखं विचारलं.

"पीठ पिवळं होईपर्यंत. मग झटकून नवं घालायचं. घासायचं नाही, रेशीम आहे."

"कुणी शिकवलं हे?"

"कुणी नाही, आपा. बाबांच्या घरात राहून येतंच."

आपा त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या, आणि हसत हसतच बाह्या सरसावून अंगणात आल्या. "हमदमजान, बादली आणा."

सीटवरचं प्लास्टिक त्यांनी टराटरा ओढलं. हमदमने डोळे मिटले. उघडले तेव्हा खाली ओलसर कापडावर तळहाताएवढी करडी बुरशी दिसली.

"हवा नाही आणि घाम भरपूर. तिला आणखी काय हवं?" आपा म्हणाल्या. "साबणाचे दोन थेंब, कापड घट्ट पिळून घ्या, पुसा आणि लगेच कोरडं करा. उन्हासाठी काचेला पडदा लावा. तेल कढईत."

हमदम दोन तास गाडी पुसत होता. कुंपणावरून तुराब आका पुन्हा पुन्हा सांगत होता, "मी बाटली म्हणालो होतो, बाटली!"

पाच वाजता सीटा वाळल्या. मऊ, राखाडी, सुंदर! हमदमने हात फिरवून पाहिला. अडीच महिने आपण कशावर बसतोय, हे त्याला आज कळलं. अतलसवरचा डागही जवळजवळ गेला होता. आपांनी चौथा सामसा उचलला.

"मुलगी मला पसंत आहे. तुम्हीही वाईट नाही. फक्त तुमच्या हातात बाटली देऊ नये." मग त्यांनी हात पुढे केला. "आणि किल्ली द्या. येताना तुमचं चालवणं पाहिलंय मी. फरगान्यापर्यंत मी नेते, तिथून तुम्ही एकटे या."

हमदमने आनंदाने किल्ली दिली. त्याचं मन इतकं भरून आलं होतं, की त्याला काहीही चाललं असतं. मागचं दार उघडून तो त्या मऊ सीटवर पहिल्यांदाच टेकणार, एवढ्यात मुकर्रम धावत आली.

"अहो, थांबा! तसेच बसू नका! सगळी पँट तेलकट आहे तुमची."

तिने वर्तमानपत्र अंथरलं, चारी बाजूंनी नीट बसवलं आणि म्हणाली, "आता बसा. हात मांडीवर ठेवा. गाडी नवी आहे."