सुभेदारांची भाकरी

कोरेगावच्या उपचार केंद्रातली संयोगिता ऑक्युपेशनल थेरपीत पटाईत होती. अर्धांगवायूनं आखडलेला हात ती पुन्हा घरकामाला लावायची, पण त्याची नोंद लिहायची म्हटली की तिचाच हात आखडायचा. सोमवारी तपासणी आहे आणि आपलं कंत्राट नोंदी बघूनच वाढणार, असं कळल्यावर ती घाबरली. रविवारी बसून तिने पुन्हा भाकरी करू लागलेल्या सुरय्याबींची एकुलती एक चांगली नोंद सगळ्या फायलींत चिकटवली, नावं-वयं बदलली आणि गंगेत घोडं न्हालं म्हणून सुस्कारा सोडला.

तपासणीला आलेल्या डॉक्टर अर्फा मुलाणींनी नेमकी सुभेदार हंबीररावांची फाईल उघडली.

"‘रुग्ण स्वतः भाकरी थापतो, भाजतो.’ वा! कुठायत हे?"

हंबीरराव समोरच बायको शालूबाईंशेजारी मिशी कुरवाळत बसले होते. संयोगिताने नाइलाजाने त्यांच्याकडे बोट दाखवलं.

"सरावाची शेगडी-परात आहेच की. दाखवा बघू," डॉक्टर म्हणाल्या.

शालूबाई पदराआड हसल्या. "आवं बाई, ह्यांनी लगीन झाल्यापास्नं पाण्याचा तांब्या हातानं घेतला न्हाई. भाकरी कसली थापत्यात!"

संयोगिताने नोकरीवर पाणी सोडलं. हंबीररावांनी तिचा पडलेला चेहरा पाहिला आणि ते मुकाट उठले. पीठ मळलं. उजवा हात आधी अडखळला, मग बोटं हळूहळू पसरली आणि भाकरी परातीत फिरू लागली. ती तव्यावर टम्म फुगली तेव्हा संयोगिताचे डोळे भरून आले. ही बोटं उघडावीत म्हणून ती किती झटली होती!

"नोंद अशी तंतोतंत पाहिजे," म्हणत डॉक्टरांनी कंत्राटाच्या शिफारशीवर सही केली.

शालूबाईंचं हसू मात्र मावळलं होतं. "आवं, हे कवा शिकलासा?"

"पलटणीत... लंगरला, सैपाकाला हुतो सुरवातीला."

"आन् मी तापानं फणफणले तवा शेजारणीकडनं भाकरी मागून आणत हुतासा व्हय? चला घरी! आजपास्नं चूल तुमची."

हंबीररावांनी संयोगिताला कोपऱ्यात गाठलं. "म्याडम, तुमच्यापायी लय मोठं गुपित फोडलं. आता एवढं करा. रुग्णाला भाकरी जमत न्हाई, असं लिवा."

"नको हो सुभेदारसाहेब! खोटी नोंद करायची नाही, असं मी आजच ठरवलंय."

तेवढ्यात दारातून शालूबाईंनी हाक दिली, "बाई, फुडच्या टायमाला त्या फायलीत भरल्या वांग्याचंबी लिवा!"