आदी दोरी, मग पेढे

आमच्या कमलनगरात कुणी नवी गाडी आणली की लोक ती पुढून बघतात. हार, नारळ, काचेवरचं पोरांचं नाव, आतला टीव्हीएवढा पडदा. बसवंतअप्पा मात्र थेट मागं जातात, धोतर सावरून उकिडवे बसतात आणि बंपरखाली हात घालून चाचपायला लागतात. म्हैस अडलीय आणि जनावरांचा डॉक्टर आलाय, असा एकूण देखावा. गाडीचा मालक पेढ्यांचा पुडा पुढं करतो. अप्पा मान वर न करता विचारतात, "हुक कुठाय?"

"अप्पा, पेढा घ्या की आदी."

"पेढे मागनं. आदी दोरी."

आणि खांद्यावरच्या पिशवीतून दोरी निघते. निळी, नायलॉनची, अंगठ्याएवढी जाड.

अप्पांनी उभी हयात कमलनगर ते आसपासची खेडी अशी प्रवाशांची जीप मारली. आता ती जीप त्यांच्या अंगणात उभी आहे. इंजिन थकलं म्हणून काढून विहिरीवर बसवलं, बाकी सगळं जागच्या जागी. रोज फडकं मारतात. अप्पांचं म्हणणं एकच : "पळायचं काय घेऊन बसलाव? उताराला टायरबी पळतंय. गाडी वढती किती ते बघा." म्हणून पेट्रोल असो, डिझेल असो, गॅस असो की बॅटरी, नव्या गाडीनं ती जीप वजनकाट्यापर्यंतचा चढ चढवायची आणि परत आणायची. मग अप्पा पास की नापास ते सांगणार. त्यांनी नापास केलेली गाडी घ्यायला भलेभले कचरतात.

ओढताना जीपच्या स्टेअरिंगवर स्वतः अप्पा. आणि शेजारी, वजन म्हणून, अक्का. म्हणजे त्यांची बायको.

"रिकामी जीप वढली तर काय परीक्षा?" अप्पा म्हणतात. "वजन पायजे."

आता अक्का म्हणजे काय वजन? पंखा जोरात लावला तर खुर्ची धरून बसावं लागेल अशी बाई. वर इस्त्रीचं लुगडं, केसांत फूल आणि मांडीवर कापडी पिशवी. पिशवीचंही वजन अप्पांनी हिशोबात धरलं असावं. मी एकदा शहाणपणानं सुचवलं होतं, "अप्पा, त्यापेक्षा तुरीची दोन पोती टाका की." अप्पांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुरीला पुढच्या शिटावर बसायची सवय न्हाई."

मी हसलो. मला ते विनोदच वाटायचे.

आता माझं सांगतो. माझा मंडपाचा धंदा. कनाती, खुर्च्या, स्पीकर आणि ट्रॉलीवरचा जनरेटर. ही ट्रॉली ओढणारा माझा म्हातारा पिकअप एका लग्नात, ऐन वरातीसमोर, कायमचा बसला. ढकलायला वऱ्हाड लागलं, शेवटी नवरदेवही घोड्यावरून उतरला. त्याच दिवशी ठरवलं, नवी गाडी! आणि बायको, सुमन, तिनं अट घातली, "पोरांना घेऊन बसता यायला पायजे. मला आता जनरेटरशेजारी बसून माहेरी जायचं न्हाई." म्हणजे ट्रॉली ओढणारी आणि घर बसवणारी, एकच गाडी. लगनसराई तोंडावर, सुपाऱ्या घेऊन बसलेलो. पंधरवड्यात गाडी दारात नसेल तर कनाती डोक्यावर घेऊन जावं लागणार.

मला तर हर्षवायू झाला होता! फोनवर गाड्यांची ओढ, म्हणजे टॉर्क, सांगणारे व्हिडिओ बघून बघून मी जेवताना वरणाऐवजी टॉर्क मागितला. आणि रोज एक गाडी घेऊन अप्पांच्या अंगणात हजर.

पहिली पेट्रोल, मेव्हण्याची. दोरी मीच बांधली. अप्पा म्हणत होते, "हुकाला बांध, दत्तू, हुकाला." पण ज्याला टॉर्क कळतो त्याला गाठ कळणारच, या भरात मी ती बंपरच्या जाळीतून ओवली. पहिला गिअर टाकला. काय उचल! काय ओढ! चढ लोण्यासारखा चढलो. वजनकाट्याला पोचून विजयानं मागं बघतो तर जीप नाही. जीप अंगणातच होती, आणि तिच्यापुढं, दोरीला बांधलेला, मेव्हण्याचा बंपर. अप्पा आत शांत बसलेले. "बंपर चांगलाय," म्हणाले. "गाडी नापास." मेव्हणा अजून माझ्याशी सुमनमार्फत बोलतो.

दुसरी गॅसची. ती चढावर दोनदा दम खाऊन, हिसके देत वर गेली. शिवाय गॅस भरायचा म्हणजे बिदर गाठायचं, आणि परत येईपर्यंत निम्मा गॅस बिदरला जाऊन आल्याचाच हिशोब. डिकीत टाकी, मग पोरांच्या बॅगा माझ्या मांडीवर. अप्पा म्हणाले, "दचके देती. नापास."

तिसरी डिझेल. आता मात्र माझी खात्री होती. अप्पांचा जन्म डिझेलात गेला, त्यांच्या चहालाही मला तो वास येतो. आणि काय ओढली तिनं जीप! जनरेटर काय, ही ग्रामपंचायत ओढून नेईल असं वाटलं. मी उडी मारूनच खाली उतरलो.

"नापास," अप्पा म्हणाले.

"कामून अप्पा? वढली की!"

"वढली. पण धूर बघ किती. अक्का खोकायलीय."

"अहो, ट्रॉलीवर अक्का न्हाई, जनरेटर बसणार हाय! त्याला कुठला खोकला?"

"आनखी एक बघ, लेका. घाई कामून करायलास?"

घरी सुमननं ताट आदळलं. "लोक बायको बसवायला गाडी घेतात. तुमी त्या म्हाताऱ्याची जीप वढायलाच गाडी घ्यायलाव का?"

मीही तापलो होतो. सुपारीवाले फोन करत होते. ठरवलं, उद्याची शेवटची. पास की नापास, घेऊन टाकायची.

शेवटची होती इलेक्ट्रिक. बिदरच्या शोरूममधून इरफानभाई स्वतः घेऊन आले, टाय लावून. अप्पांनी दोरी काढताच ते किंचाळलेच, "चाचा, टेस्ट ड्राइव्ह बोले तो चलानेका! खींचनेका नक्को!"

"फिर हुक कायकू दिये?" अप्पा खालून म्हणाले. "कानातलं हाय का गाडीचं?"

इरफानभाईंनी अल्लाची आठवण काढली आणि माझ्याशेजारी बसले. मी बटण दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. "बंद पडली," मी म्हणालो.

"अन्ना, चालू है. दो बार दाबे तो अब बंद हुई."

अशी सुरुवात. पण मग पायाचा अंगठा नुसता टेकवला आणि गाडी निघाली! हिसका नाही, घरघर नाही, तसूभर धूर नाही. दोरी ताणली गेली तीसुद्धा आळस दिल्यासारखी. चढ लागला तरी तोच वेग, तीच शांतता. मी आनंदानं ओरडणारच होतो, तेवढ्यात उघड्या काचेतून मागून आवाज आला.

आजवर कधी आला नव्हता. कसा येणार? पुढं नेहमी इंजिन बोंबलत असायचं.

"आज पोचू का ओ मेहकरला?" अक्का विचारत होती.

"पोचू की. ऊन उतरायच्या आत पोचू."

"आई वाट बघत असंल. तिच्यासाठी बांगड्या घेतल्यात मी. पिशवीत हायत."

"बरं केलीस."

मग परत अक्काच, "गाडी चांगली करून घेतलाव तुमी. आवाजच न्हाई. आज कसं बोलता यायलंय."

आणि अप्पा. रस्त्यावर उभ्या नसलेल्या माणसांना, जुन्या सवयीच्या मोठ्या आवाजात : "चला, मेहकर, मेहकर! पुढची शीट सोडून बसा!"

अक्का हसली. लहान पोरीसारखी.

इरफानभाईंनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. त्यांनी टाय सैल केला आणि हळूच म्हणाले, "काटे के आगे भी जाव, अन्ना. चार्ज है."

मी वजनकाट्याच्या पुढं गेलो. बराच पुढं.

परत आलो तेव्हा अक्का डोळे मिटून बसली होती. तिला घरात नेऊन निजवून अप्पा बाहेर आले आणि दोरीची गाठ सोडत बसले. माझ्याकडं बघेनात.

"ऐकलास?"

"व्हय."

"तिला ध्यानात काई ऱ्हात न्हाई आता. आई जाऊन किती वर्सं झाली, तेबी न्हाई. सकाळी उठून पिशवी भरती, माहेरी, मेहकरला चला म्हनती. दुसऱ्या गाडीत बसवली की 'ही आपली न्हाई' म्हनून दाराला धरून रडती. या शिटावर बसली की गप ऱ्हाती. थोडं फिरून आलं की तिला वाटतं, जाऊन आलाव." गाठ सुटली होती, तरी अप्पा ती सोडतच होते. "गावात रोज कोन नवी गाडी घेतंय, दत्तू?"

मग ते उठले, इलेक्ट्रिक गाडीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "पास. घे ही." पास म्हटलं की अक्काची फेरी संपली, हे त्यांना माझ्याआधी कळलेलं होतं.

घेतली. झक्कास आहे. सुमन पुढं बसते, पोरं मागं, आणि दारातच रात्रभर चार्ज होते. ट्रॉली जोडली की आकडा भराभरा उतरतो, हे खरं. म्हणून लांबची लग्नं मी सोडून दिली. एकदा हावरटपणानं घेतलं तर वाटेतच आकडा शून्य. तेव्हा मागच्या जनरेटरवर गाडी चार्ज करत मी रस्त्याकडेला बसलो होतो. पुढं बॅटरी, मागं डिझेल, मधे मी. येणारे-जाणारे थांबून फोटो काढत होते.

पण बाजाराच्या दिवशी मी धंद्याला सुट्टी देतो. दुपार कलली की गाडी अप्पांच्या अंगणात नेऊन लावतो.

"अप्पा, जरा बघाया पायजे. गाडी आवाज करायलीय."

अप्पा गाडीकडं बघतात. ती उभी असते, मुक्यासारखी.

"इलेक्ट्रिक गाडी? आवाज करायली?"

"लई."

"मग वढूनच बघाव लागंल," असं म्हणत अप्पा दोरी काढतात आणि घराकडं तोंड करून हाक मारतात, "अगं, पिशवी घे! गाडी निघायलीय!"