परीक्षेच्या सकाळी शेवाळाचं सूप

"पुराव्याशिवाय मी आता काहीच मानत नाही!" असं जमनिमबाईंनी देगू शहरातल्या आपल्या अख्ख्या इमारतीला सांगून ठेवलं होतं. तिन्ही मुलांची शिक्षणं उरकल्यावर सत्तावन्नाव्या वर्षी त्यांची स्वतःची पाळी आली होती. विद्यापीठात त्या तत्त्वज्ञानाची तोंडओळख करून घेत होत्या आणि तिची झळ घरी नवऱ्याला बसत होती.

"अहो, ही खुर्ची खरंच आहे, कशावरून?"

"बसलोय ना मी तिच्यावर!" तेगून म्हणायचे. "जेवण खरंच आहे का, तेवढं बघ आता."

नेमका परीक्षेच्या दिवशी बाईंचा वाढदिवस आला. तिकडच्या रिवाजाप्रमाणे वाढदिवसाला समुद्री शेवाळाचं सूप हवंच. पण परीक्षेच्या सकाळी ते ओठाला लावायचं नाही. बुळबुळीत शेवाळ ते! वाचलेलं सगळं घसरून जातं! पुरावा नव्हता, पण धाकधूक होती. वाढदिवसाचं नावच काढायचं नाही, असं बाईंनी मनाशी ठरवलं.

सकाळी स्वयंपाकघरातून हाक आली, "अगं, हे थांबतच नाहीये!"

जन्मात कधी चूल न पेटवलेल्या तेगूननी वाळलेल्या शेवाळाचं अख्खं पाकीट भिजत घातलं होतं. खरं तर मूठभरही पुरतं! पातेलं भरलं, घमेलं भरलं, किमचीच्या लोणच्याचा डबा भरला. लग्नघरच्या पाहुण्यांसारखं शेवाळ फुगून पसरून ओट्यावर बसलं होतं.

"कुणी सांगितला होता हा उद्योग?"

"तुझी आई गेल्यापासून तुझ्या वाढदिवसाला कुणी केलंच नाही गं. म्हटलं..." ओशाळून त्यांनी वाफाळता वाडगा पुढे केला.

"आज परीक्षा आहे हो माझी!"

"मग? घसरतं, याला पुरावा काय?"

बाईंचं तत्त्वज्ञान बाईंच्याच गळ्याशी आलं! नको म्हणावं तर या माणसाचं मन मोडतं, घ्यावं तर परीक्षा बुडते. त्यांनी डोळे मिटून घोट घेतला. सूप खारट होतं, फार खारट. त्यात थोडं डोळ्यांतलंही मिसळलं. वाडगा रिकामा झाला.

पेपरात मोठा प्रश्न होता : 'एकदा घडलं म्हणून पुन्हा तसंच घडेल, असं मानावं का?' बाईंनी पानंच्या पानं लिहून काढली : मुळीच मानू नये!

वर्गात पहिल्या आल्या.

पुढच्या परीक्षेच्या दिवशी वाढदिवस वगैरे काही नव्हता. तरी उजाडताच त्यांनी तेगूनना गदागदा हलवलं.

"अहो, उठा! सूप करा."

"मी? आज? अगं, तूच कर ना, छान करतेस."

"नको, तुमच्याच हातचं हवं," बाई दुसरीकडे बघत म्हणाल्या. "आणि चव सुधारायला जाऊ नका!"